किडनीचा रिपोर्ट हातात आल्यावर काय काय बघायचं

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. दसरा झाला की ऊसतोडीला निघण्याआधी बरेच जण तपासून घेतात. कागद हातात पडला की बोट क्रिएटिनिनवर आणि प्रश्न ठरलेला, "ताई, किडनी बरी हाय ना?" तेवढा एक आकडा बघून उठू नका.

आधी किडनीचं काम समजून घ्या. सगळे तिला चाळणी म्हणतात. मला मात्र नवरात्राआधी आपण घर काढतो ते आठवतं. सगळं सामान अंगणात आणायचं, मग हवं ते पुसून आत न्यायचं, भंगार बाहेरच. एका किडनीत साधारण १० लाख बारीक गाळण्या असतात. तिथं रक्त दाबानं येतं आणि पाणी, मीठ, साखर, युरिया, क्रिएटिनिन असं सगळं बाहेर पडतं. रक्तपेशी आणि अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं तेवढी आत थांबतात. दिवसाला असं सुमारे १८० लिटर गाळलं जातं. आपल्या दारातला २०० लिटरचा निळा ड्रम डोळ्यांसमोर आणा. पुढच्या नळीत साखर आणि बहुतेक मीठ-पाणी परत रक्तात घेतलं जातं. उरते ती दीड-दोन लिटर लघवी.

आता कागद. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा, म्हणून ज्याच्या अंगात मांस कमी त्याचा आकडा मुळातच कमी. शेजारचा 'ईजीएफआर' बघा. गाळण्याचा वेग वय आणि स्त्री-पुरुष धरून त्यात काढलेला असतो. क्रिएटिनिन १.१ असलेल्या ३० वर्षांच्या गड्याचा ईजीएफआर ९२ च्या आसपास येतो, तेच १.१ साठीच्या बाईला ५७ च्या आसपास. आकडा तोच, पण बाईला डॉक्टरांकडे जायलाच हवं. ६० च्या खालचा ईजीएफआर तीन महिने टिकला तर तो किडनीचा जुनाट आजार धरतात. कागदावर ईजीएफआर नसेल तर लॅबवाल्याला मागा. आदल्या रात्री भरपूर मटण खाल्लं असेल तर तेही सांगा, त्यानं क्रिएटिनिन वाढतं.

दुसरी तपासणी लघवीची, आणि तीच लोक टाळतात. मीही टाळली होती. माझ्या वडिलांना साखर. त्यांचं क्रिएटिनिन ०.९ आलं म्हणून मी दोन वर्षं निर्धास्त राहिले, लघवी तपासलीच नाही. तपासली तेव्हा अल्ब्युमिन ३०० च्या वर. गाळणी फाटायला लागली की आत थांबणारं अल्ब्युमिन लघवीत उतरतं, आणि साखरेच्या माणसात हे बहुतेक वेळा क्रिएटिनिन वाढायच्या कितीतरी आधी दिसतं. म्हणून साखर किंवा बीपी असेल तर वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तराची तपासणी मागाच. ३० च्या आत बरं. त्यावर आलं तर तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करायची.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा द्या. सुरुवातीची धार सोडायची, मधली बाटलीत घ्यायची. ताप असताना, पाळीत किंवा आदल्या दिवशी खूप अंगमेहनत झाली असेल तर थांबा, आकडा खोटा वाढतो.

एक गोष्ट कागदावर कुठेच नसते, ती मी तोंडी विचारते : अंग दुखतं म्हणून गोळ्या किती घेता? मोळ्या वाहून पाठ मोडते, दुकानातून डायक्लोफिनॅक आणलं जातं, रोज एक. पाणी कमी पडलेलं असलं की किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी उघडी ठेवायला शरीर धडपडतं. ही गोळी नेमकी ती धडपड बंद पाडते. गाळणीत दाबच उरत नाही. फडावर घामानं भिजलेला माणूस, पोटात पाणी नाही, वर ही गोळी. याची मला फार भीती वाटते. डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नका, आणि घेत असाल तर रिपोर्टसोबत गोळ्यांचं पाकीटही डॉक्टरांपुढे ठेवा.