वरचं अन्न सुरू करताना आणि अंगावरचं दूध सोडवताना या चुका टाळा

वरचं अन्न सुरू करणं आणि अंगावरचं दूध सोडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. त्यांच्यामध्ये बरेच महिने गेले पाहिजेत. पहिल्या वर्षातले निम्मे घोटाळे ही दोन्ही कामं एकदम उरकायला घेतल्यामुळे होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला साधा आहे: सहा महिने पूर्ण होईपर्यंत, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. त्यानंतर दुधाच्या जोडीला वरचं अन्न, आणि दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. बाकीची भूक दूधच भागवतं. म्हणून पहिला चमचा भरवला त्याच आठवड्यात दुपारचं दूध बंद केलं, तर बाळाच्या पोटात जाणारं एकूण अन्न वाढण्याऐवजी घटतं.

सगळ्यात मोठी चूक: पातळ पाणी

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्याबद्दल सविस्तर बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. बाळ आठ महिन्यांचं झालेलं असतं आणि दोन महिने वजनाचा काटा जवळजवळ हललेला नसतो. विचारलं की उत्तर येतं, 'दिवसातून चार वेळा वाटीभर खातं.' ते खरंही असतं. वाटीत काय असतं ते पाहिलं की उलगडा होतो: डाळीवरचं निवळ पाणी, भाज्या उकळून गाळलेलं सूप, तांदळाची पातळ पेज. बाळाचं पोट दर किलो वजनामागे जेमतेम ३० मिलीलिटरचं, म्हणजे आठ किलोच्या बाळाचं २४० मिलीलिटरच्या आसपास. ते या पाण्याने गच्च भरतं आणि पुढच्या वेळचं दूध बाळ नाकारतं. आईच्या १०० मिलीलिटर दुधात ६५ ते ७० कॅलरी असतात, डाळीवरच्या निवळ पाण्यात त्याच्या निम्म्याही नसतात. चांगलं अन्न बाजूला सारून हलकं अन्न आत जातं आणि घरातल्या सगळ्यांना वाटतं की बाळ छान जेवतंय. डाळीतली प्रथिनं आणि लोह खाली बसलेल्या गाळात असतात, आणि नेमका तोच भाग मोठ्यांच्या ताटात जातो.

कसोटी सोपी आहे. चमचा तिरका करा. अन्न चमच्यावरून ओघळलं तर ते पातळ आहे, थोडा वेळ टिकून राहिलं तर दाटपणा बरोबर आहे. भात, डाळ, बटाटा मऊ शिजवून, आतलं पाणी न फेकता घोटा. पातळ करावंसं वाटलं तर पाण्याऐवजी आईचं दूध घाला. वाटीत एक चहाचा चमचा तेल किंवा तूप घातलं की अन्नाचं आकारमान न वाढता चाळीस-पंचेचाळीस कॅलरी वाढतात. सुरुवात दिवसातून दोन-तीन वेळा, दर वेळी दोन-तीन मोठे चमचे इतकीच. आठ महिन्यांपर्यंत २५० मिलीलिटरच्या वाटीची अर्धी वाटी, नवव्या महिन्यापासून तेवढंच पण तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ, वर्षानंतर पाऊण ते पूर्ण वाटी.

बाटलीच्या बुचाला मोठं भोक पाडून त्यातून पेज पाजणं हा याच चुकीचा पुढचा टप्पा. वेळ वाचतो म्हणून केलेल्या या युक्तीत बाळ चमच्यावरून खायला शिकतच नाही, पोट भरल्यावर थांबणंही शिकत नाही, आणि ठसका लागण्याचा धोका वेगळाच. खीर-पेज बाटलीत कधीच घालू नका.

घाई आणि उशीर

चार महिन्यांचं बाळ मुठी चोखतं, रात्री जास्त उठतं, मोठ्यांच्या ताटाकडे टक लावून बघतं. यातलं काहीही वरच्या अन्नाची खूण नाही. खरी खूण अशी: आधाराने बसवल्यावर मान स्थिर राहते, वस्तू पाहून ती धरून तोंडाशी नेता येते, आणि चमच्यावरचं अन्न जिभेने बाहेर न ढकलता गिळलं जातं. या गोष्टी सहा महिन्यांच्या आसपास जुळून येतात. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय कसं धरायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि वरचं अन्न दिल्याने बाळ रात्रभर झोपेल, या आशेवर घाई करू नका. रात्रीच्या जागरणाचं कारण बहुधा भूक नसतंच.

उशीर तितकाच वाईट. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहाव्या महिन्याच्या सुमारास संपत येतो आणि आईच्या दुधात लोह फारच कमी असतं. म्हणून वरचं अन्न सुरू केल्याच्या पहिल्या महिन्यापासूनच रोजच्या वाटीत लोह हवं: घोटलेली डाळ किंवा कडधान्य, अंडं, बारीक केलेलं मांस किंवा मासे. डाळीबरोबर टोमॅटो, संत्रं किंवा लिंबाचे चार थेंब दिले तर त्यातलं लोह अंगी लागतं. फक्त फळांवर आणि पांढऱ्या भातावर महिना काढणं मला अजिबात पटत नाही.

थोडक्यात, पण ठाम

मध वर्षाच्या आत बोटाला लावूनही नको. त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि घरच्या उकळण्याने ते मरत नाहीत. वरून मीठ वर्षाच्या आत नको, साखर दोन वर्षांपर्यंत नको. फळांचा रस वर्षाच्या आत नको, फळच कुस्करून द्या. गाईचं-म्हशीचं दूध पेय म्हणून वर्षाच्या आत नको, शिजवताना थोडं घातलं तर चालतं. पाणी जेवणासोबत कपाने, दोन-चार घोटच. शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, आणि उष्टा चमचा बुडालेली वाटी पुन्हा वापरू नका.

गुठळ्यांची भीती

वर्षभर सगळं मिक्सरमधून काढून, वर गाळून देणारी घरं आहेत. पुढे दीड वर्षाचं मूल भाताचं शीत लागलं तरी ओकारी काढतं. चावायला शिकण्याचा काळ दात येण्याची वाट पाहत नाही, हिरड्यांनीही मऊ अन्न चांगलं चिरडतं. सातव्या महिन्यापासून मिक्सर बंद करून काट्याने कुस्करा, आठव्यात मऊ शिजलेल्या भाजीचे बोटभर तुकडे हातात द्या. नऊ-दहा महिन्यांपर्यंत बाळाला गुठळ्यांची सवय झालीच पाहिजे.

खोकत, आवाज करत, लाल होऊन ओकारी काढणारं बाळ स्वतःच घास पुढे आणत असतं. त्याच्या तोंडात बोट घालू नका, घास आणखी मागे जाईल. घुसमटलेल्या बाळाचा मात्र आवाज बंद होतो आणि ओठ निळे पडू लागतात. वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं, डोकं खाली करून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेने पाच थापा द्या. घास निघाला नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाब द्या, आणि घास निघेपर्यंत आलटून पालटून चालू ठेवा. दुसऱ्या कोणाला तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायला सांगा. वरचं अन्न सुरू करण्याआधी घरातल्या प्रत्येकाने हे कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावं. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे-बदाम, मक्याच्या लाह्या, कच्च्या गाजराचे तुकडे नकोतच. द्राक्ष उभं चिरून चार फोडी करा.

शेंगदाणा आणि अंडं ॲलर्जीच्या भीतीने वर्षभर लांबवणं हा जुना सल्ला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोका जास्त असलेल्या बाळांना लवकर शेंगदाणा दिल्यावर ॲलर्जीचं प्रमाण कितीतरी कमी झालेलं आढळलं. शेंगदाण्याची बारीक पूड वाटीत मिसळून द्या. नवा पदार्थ सकाळी, थोडा, एका वेळी एकच. बाळाला तीव्र इसब असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

बाळाने मान फिरवली की जेवण संपलं. नाक दाबून, मोबाइल दाखवून भरवलेलं अन्न पोटात जातं, पण भूक ओळखण्याची सवय मोडते. नवी चव आठ-दहा वेळा समोर आल्याशिवाय 'आवडत नाही' असं ठरवू नका.

दूध सोडवण्यातली चूक: एका रात्रीत तोडणं

'कडू लावा, दोन दिवसांत सुटेल' हा सल्ला आई आणि मूल दोघांनाही छळतो. जी जागा मुलाला शांत करत होती तीच अचानक कडू निघते, आणि हे बहुधा दात येताना, तापात किंवा आई कामावर रुजू होण्याच्या आदल्या आठवड्यात केलं जातं. आईच्या शरीराला तर काहीच कळलेलं नसतं. दूध येतच राहतं, दुसऱ्या दिवशी छाती दगडासारखी होते. मग कुणीतरी पट्ट्याने घट्ट बांधायला सांगतं, दूध अडकून गाठ होते, गाठीवर लालसर डाग, थंडी आणि ताप. या स्तनदाहात दूध एकदम बंद करणं सर्वांत चुकीचं. ते दूध बाळासाठी सुरक्षित असतं, पाजणं चालू ठेवा, दोन पाजण्यांच्या मध्ये थंड शेक द्या, गाठ जोरात चोळू नका. ताप २४ तासांत उतरला नाही तर डॉक्टर गाठा.

नीट करायचं तर वेळ लागतो, त्याला पर्याय नाही. दिवसातलं सर्वांत कमी आवडीचं दूध आधी बंद करा. चार-पाच दिवसांनी छाती सैल वाटली की पुढचं. मधल्या काळात ताण आला तर आराम पडेल इतकंच हाताने काढा, पूर्ण रिकामं केलंत तर दूध पुन्हा वाढेल. वर्षाच्या आतल्या बाळाला प्रत्येक सुटलेल्या वेळी डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात केलेलं फॉर्म्युला दूध, वर्षानंतर कपातून साधं दूध, दिवसाला ५०० मिलीलिटरच्या आत. त्याहून जास्त दिलंत तर जेवण मागे पडतं. अंगावरचं दूध मागितलं तर द्या, स्वतःहून पुढे करू नका. मूल आजारी पडलं तर थांबा आणि बरं झाल्यावर पुन्हा सुरू करा.

झोपतानाचं दूध शेवटी ठेवा. ते सोडवताना काही दिवस आईऐवजी दुसऱ्या कुणी झोपवावं, आणि आई शेजारच्या खोलीतही नसली तर आणखी बरं. या आठवड्यांत आईला उगाच रडू येणं, उदास वाटणं शक्य आहे. ते टिकलं तर डॉक्टरांना सांगा. पाजणं पूर्ण थांबल्यावरही काही आठवडे थेंब येत राहतात. अजून आहे का हे पाहायला रोज पिळू नका, त्याने ते आणखी लांबतं.