सोलापूरच्या उन्हाळ्यात प्रोसेसरचा मोठा एअर कूलर कसा पारखावा

गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत नवा कॉम्प्युटर जुळवला, तेव्हा प्रोसेसर ६५ अंशांवर होता. मे महिन्यात तेच काम करताना तो ८० वर गेला, तर लगेच कूलरला, म्हणजे प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या पत्र्यांच्या आणि पंख्यांच्या जोडणीला, दोष देऊ नका. जानेवारीत २५ अंशांवर असलेली खोली आता ४० वर गेली आहे. एअर कूलर खोलीतलीच हवा वापरतो, त्या हवेपेक्षा प्रोसेसर थंड करणं त्याला शक्य नाही. म्हणून पारखताना एकच फरक धरा: प्रोसेसरचं तापमान वजा खोलीचं तापमान. वरच्या उदाहरणात तो दोन्ही वेळा ४० आहे.

विकत घेण्याआधी मापं घ्या. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आहे, डीपकूलचा एके६२० १६०. या पाच मिलिमीटरवरून बाजूचं झाकण अडतं. रॅमही, म्हणजे कूलरशेजारच्या मेमरीच्या पट्ट्या, बघा. डी१५ला दोन्ही पंखे लावले, की रॅमसाठी ३२ मिलिमीटरच उंची उरते. रॅम त्याहून उंच असेल, तर पुढचा पंखा वर सरकवावा लागतो आणि मग कॅबिनेटही जास्त रुंद लागतं.

बसवताना तळाची प्लास्टिकची फिल्म काढली ना, हे दोनदा तपासा. स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा.

आता खरी चाचणी. थर्मामीटर भिंतीवर टांगू नका, कॅबिनेटमध्ये हवा शिरते तिथे ठेवा. खिडकीतला पाण्याचा कूलर चालवायचा तर चाचणीभर चालवा, नाहीतर पूर्ण बंद ठेवा. मध्येच चालू केला तर खोलीचं तापमान उतरतं आणि सगळे आकडे वाया जातात. बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन प्रोसेसरची वॅटमर्यादा (तो जास्तीत जास्त किती वीज घेईल) आणि पंख्यांचा वेग, दोन्ही पक्के करा. ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतले मोठे प्रोसेसर भरपूर काम मिळालं की ९५ अंशांपर्यंत स्वतःच चढतात, ते तसेच घडवलेले आहेत. मर्यादा मोकळी सोडली, तर चांगला कूलर आणि साधा कूलर दोन्ही ९५च दाखवतील. मग प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा सिनेबेंच हा प्रोग्राम सलग ३० मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये शेवटच्या पाच मिनिटांचं सरासरी तापमान, वॅट आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) लिहून घ्या. पहिल्या दोन-तीन मिनिटांवर विश्वास ठेवू नका, एवढा मोठा धातू तापायलाच वेळ घेतो. असं तीनदा करा.

चौथ्यांदा बाजूचं झाकण काढून करा. फरक पाच-सहा अंशांनी कमी झाला, तर कूलर ठीक आहे, कॅबिनेटमध्ये हवा खेळत नाही. नवा कूलर घेण्याऐवजी पुढे एक पंखा लावा.

आवाज रात्री तपासा, छताचा पंखा बंद करून. ६५ वॅटच्या प्रोसेसरवर मोठा कूलर घेण्यात खरा लाभ शांततेचाच असतो, कारण पंखे सावकाश फिरवूनही भागतं.

शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या आसपास राहत असाल, तर आणखी एक चाचणी तुमच्यासाठी. चादरी-टॉवेलच्या कारखान्यांतली कापसाची बारीक तूस हवेबरोबर आत येते आणि कूलरच्या पातळ पत्र्यांमध्ये नमद्यासारखी बसते. दोन महिन्यांनी त्याच वॅटवर, त्याच वेगावर पुन्हा मोजा. फरक वाढला असेल, तर पंखे उतरवून मऊ ब्रशने पत्रे साफ करा आणि परत मोजा. पत्रे फार दाटीने असलेला कूलर इथे लवकर तुंबतो. दोन कूलर बरोबरीचे ठरले, तर मी मोकळ्या पत्र्यांचा घेईन.