रशियन जेवण शिकायचंय? वोडका राहू द्या, आधी स्तलोवायात जा

रशियन खाणं म्हटलं की आपल्याकडे गाडी वोडकावरून पुढे सरकतच नाही, पण तिथली माणसं रोज काय जेवतात ते कळायला हवं असेल तर सरळ एखाद्या स्तलोवायात शिरा. स्तलोवाया म्हंजे सोव्हिएत काळापासून चालत आलेली सेल्फ सर्व्हिसची खानावळ, ट्रे उचलायचा, रांगेत सरकत सरकत हवं ते घ्यायचं आणि शेवटी कॅशियरकडे पैसे द्यायचे, भाषा येत नसली तरी बोट दाखवून भागतं. एमबीबीएसला तिकडे जाणाऱ्या आपल्या पोरांना तर मी पहिल्या आठवड्यातच जा म्हणेन.

ट्रे भरायचा पण एक क्रम असतो. आधी सॅलड, मग 'पेर्वये' म्हंजे पहिलं, हे कायम सूपच, मग 'व्तरोये' म्हंजे दुसरं, त्यात मांस नाहीतर मासा आणि सोबत बटाटा किंवा काशा म्हंजे शिजवलेलं धान्य, आणि शेवटी कम्पोत, फळं पाण्यात उकळून केलेलं गोडसर पेय. सूपमध्ये पहिल्यांदा श्ची घ्या, कोबीचं सूप. बोर्श्च पण सगळीकडे मिळतं आणि छानच असतं, पण ते मूळचं युक्रेनचं, २०२२ साली युनेस्कोने युक्रेनची बोर्श्च करायची परंपरा तातडीने जपायच्या यादीत घेतलीय. श्ची मात्र रशियन घरातली, तिथे म्हणच आहे, 'श्ची दा काशा, पीश्या नाशा', म्हंजे श्ची आणि काशा हेच आमचं अन्न. आंबवलेल्या कोबीची श्ची मिळाली तर सोडूच नका, आणि आपली आमटी जशी दुसऱ्या दिवशी जास्त मुरते ना तशीच ही पण.

वर चमचाभर स्मेताना पडते, घट्ट आंबटसर साय, ती ढवळून घ्यायची, तिच्याशिवाय चव अर्धी राहते. आणि त्यावर भुरभुरलेला हिरवा पाला बघून गोंधळू नका, तो आपला शेपूच आहे! तिकडे उक्रोप म्हणतात आणि आपण कोथिंबीर टाकतो तसा सूप, बटाटे, सॅलड सगळ्यावर टाकतात. कच्चा, बारीक चिरलेला शेपू गरम बटाट्यावर लोण्यासोबत फार सुंदर लागतो, शेपूची भाजी न आवडणाऱ्यांनी पण एकदा खाऊन बघा.

शाकाहारी लोकांनी नीट लक्ष द्या, सूपमध्ये मांसाचा तुकडा दिसला नाही तरी पाणी बऱ्याचदा मांसाच्या रश्श्याचंच असतं, म्हणून नुसतं बघून घेऊ नका, विचारा. 'बेज़ म्यासा' म्हंजे मांसाशिवाय. 'गव्यादिना' म्हंजे गोमांस, 'स्विनीना' डुकराचं, 'कूरित्सा' कोंबडी, हे तीन शब्द पाठच करून जा. ईस्टरच्या आधीच्या उपवासात बऱ्याच ठिकाणी 'पोस्नये मेन्यू' लागतो, त्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं (मासे कधी कधी असतात, तेवढं बघा). एरवी ग्रेच्का आहेच, म्हंजे आपला कुट्टू, पण अख्खा दाणा, भाजलेला. एक वाटीला दोन वाट्या पाणी, मीठ, झाकण ठेवून मंद आचेवर वीसेक मिनिटं, मधे ढवळायचं नाही, उतरवल्यावर लोणी.

आता प्यायचं. उन्हाळ्यात क्वास प्या, म्हंजे ब्रेड आंबवून केलेलं पेय, आणि घरी पण करा, अवघड नाहीये. अर्धा किलो काळा राय ब्रेड लागतो (राय हे धान्य आहे, आपली मोहरीवाली राई नव्हे), बरोदिन्स्की मिळाला तर उत्तम, त्यावर धने लावलेले असतात. स्लाइस ओव्हनमध्ये चांगल्या गडद होईपर्यंत कडक भाजा, करपवू नका, नाहीतर कडू होतं. त्यावर तीन लिटर उकळतं पाणी ओतून चार-पाच तास ठेवा, गाळा, कोमट असतानाच दीडशे ग्रॅम साखर आणि छोटा चमचाभर ड्राय यीस्ट घाला, फडकं बांधून रात्रभर ठेवा. सकाळी वर फेस दिसेल आणि ब्रेडचा आंबूस वास येईल, की परत गाळून प्लास्टिकच्या बाटल्यांत भरा, वर चार बोटं जागा सोडा, प्रत्येकीत तीन-चार मनुके टाका. आपल्याकडच्या उकाड्यात दोन-तीन तासांतच बाटली दाबून बघा, कडक लागली की लगेच फ्रीजमध्ये, काचेच्या बाटल्या वापरू नका, गॅसने फुटतात. आंबल्यामुळे यात किंचित अल्कोहोल होतं, त्यामुळे अजिबात न घेणाऱ्यांना आणि लहान मुलांना देऊ नका.

यातला निम्मा क्वास अक्रोश्कासाठी, म्हंजे क्वासातल्या थंड सूपसाठी, बाजूला ठेवा, मात्र त्यासाठी साखर कमी घातलेला बरा. उकडलेला बटाटा, काकडी, लाल मुळा, उकडलेलं अंडं, कांद्याची पात, शेपू सगळं बारीक चिरा, हवं तर सॉसेज, चमचाभर स्मेताना (घरी चक्का थोडा सैल करून चालतो), मीठ, आणि वाढताना वरून थंडगार क्वास. आधी ओतून ठेवू नका, फेस बसतो.