कॅमकॉर्डरच्या टेपवरून डीव्हीडी: बिटरेट आणि फील्ड ऑर्डर

नाशिकला रंगपंचमीला राहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी पडते तेव्हा उसळणारं रंगीत पाणी किंवा रामकुंडावर हलणारं दिव्यांचं प्रतिबिंब, चित्रण दाबून लहान करणाऱ्या एन्कोडरची खरी परीक्षा इथेच होते. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारे बिट, कमी पडला की पाण्याचे चौकोनी ठोकळे दिसतात.

हिशोब सोपा आहे. ४.७ जीबीच्या डिस्कमध्ये साधारण ३७,६०० मेगाबिट मावतात. त्याला चित्रणाच्या सेकंदांनी भागा, मेनूसाठी ५ टक्के सोडा, आवाजाचे वजा करा. ९० मिनिटांना व्हिडिओसाठी सरासरी ६.४ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) मिळतो. दोन तासांना जेमतेम ४.७, म्हणून लग्नाचं लांब चित्रण सरळ दोन डिस्कवर घ्या. तासाभराचंच असेल तरी ८ च्या वर जाऊ नका, जुने प्लेअर अडखळतात. टू-पास व्हीबीआर (दोन फेऱ्यांत, दृश्यानुसार बदलणारा बिटरेट) निवडा. वेळ दुप्पट लागतो, पण शांत दृश्यांतले वाचलेले बिट उडीच्या दृश्याला मिळतात. आवाज एसी-३ (दाबलेला), २२४ केबीपीएस. न दाबलेला पीसीएम आवाज एकटाच दीड एमबीपीएस खातो.

आकार पाल (आपल्याकडची जुनी टीव्ही पद्धत), ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन फील्डमध्ये.

सगळ्यात जास्त फसगत फील्ड ऑर्डरमध्ये, म्हणजे कोणतं फील्ड आधी दाखवायचं यात, होते. मिनीडीव्ही टेपला लोअर फील्ड फर्स्ट, तर १०८०आय एचडी कॅमेऱ्याला अप्पर. उलटं झालं तर संगणकावर कळतही नाही, टीव्हीवर मात्र चालणारा माणूस मागेपुढे थरथरतो. म्हणून आधी उडीचे ३० सेकंद रीरायटेबल डिस्कवर घेऊन टीव्हीवरच बघा.