पावसाळा सरताना बेटावर जाताय? या चुका टाळा

पावसाळ्याच्या शेवटच्या टप्प्यात एखाद्या उष्ण कटिबंधातल्या बेटावर जायचं म्हटलं की लोक दोनच प्रकारे विचार करतात. काही जण ‘नको, दिवसभर खोलीत बसावं लागेल’ म्हणून बेत रद्द करतात. बाकीचे ‘आता काय, संपलाच पावसाळा’ म्हणत उन्हाळ्यातल्या सहलीसारखं घट्ट वेळापत्रक बांधतात. दोघांचंही लक्ष पावसाकडे असतं. पण पावसामुळे सहल क्वचितच मोडते. ती मोडते समुद्रामुळे. वारा वाढला, लाटा उंचावल्या, बोटी बंद झाल्या की डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी तुम्ही अडकता. म्हणून या दिवसांतली आखणी छत्रीपासून नव्हे, जेट्टीपासून सुरू करायची.

‘शेवट आला म्हणजे जोर ओसरला’

सगळ्यात मोठी चूक हीच. अनेक बेटांवर हंगामाचा शेवट हाच सगळ्यात खट्याळ काळ असतो, कारण तोवर समुद्राचं पाणी महिनोन्‌महिने तापलेलं असतं आणि वादळांना लागणारी ऊर्जा त्याच उबदार पाण्यातून मिळते. कॅरिबियन बेटांचा चक्रीवादळांचा हंगाम अधिकृतपणे 1 जून ते 30 नोव्हेंबर, पण त्याचा कळस येतो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. 2025 मध्ये जमैकाला झोडपणारं मेलिसा हे अतितीव्र वादळ तर ऑक्टोबरच्या अखेरीस आलं. बंगालच्या उपसागरातही नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरल्यावर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, चक्रीवादळांचा दुसरा हंगाम भरात येतो. थायलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, फुकेतच्या बाजूला, सप्टेंबर-ऑक्टोबर हेच बहुधा सर्वाधिक पावसाचे महिने.

शिवाय जमीन तोवर पाणी पिऊन तुडुंब झालेली असते. जूनमध्ये जी सर जिरून गेली असती, तीच आता डोंगर उतारावरची माती खाली आणते. डोंगराळ बेटावर फिरताना घाटरस्त्यांसाठी हे लक्षात ठेवा.

देशाचं हवामान बघता, बेटाचं नाही

‘थायलंडमध्ये ऑक्टोबरपर्यंत पाऊस’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. फुकेत, क्राबी, फी फी ही अंदमान समुद्राकडची ठिकाणं मे ते ऑक्टोबर भिजतात. पण पूर्वेकडच्या थायलंडच्या आखातातलं को सामुई बेट खरं भिजतं ते ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ‘नोव्हेंबरात पाऊस संपतो’ असं ऐकून कुणी सामुई गाठलं, तर ते नेमकं ऐन पावसात जाऊन पोचतात. श्रीलंकेतही तसंच: नैर्ऋत्य मोसमी पावसात दक्षिण-पश्चिम किनारा ओला असतो, तेव्हा पूर्वेकडच्या त्रिंकोमालीला समुद्र शांत असतो. विषुववृत्त ओलांडलं की दिनदर्शिकाच उलटते. मॉरिशस आणि फिजीला चक्रीवादळांचा काळ नोव्हेंबर ते एप्रिल, त्यामुळे तिथला ‘उतरता पावसाळा’ मार्चमध्ये येतो.

एकाच बेटाच्या दोन बाजूंतही फरक पडतो. मधे डोंगर असेल तर वाऱ्याकडची बाजू हिरवीगार आणि ओली, पलीकडची बरीच कोरडी. हवाई बेटांवर हा फरक गाडीने थोडं अंतर गेलं तरी जाणवतो. मुक्काम ठरवताना नकाशावर आधी वाऱ्याची दिशा बघा, मग हॉटेलचे फोटो. आणि कॅरिबियनमध्येच जायचं असेल, पण वादळाचा धोका नको असेल, तर दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळची अरुबा, बोनेर आणि कुरासाव ही बेटं बघा. ती वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहेत. तिथे वादळ कधीच येत नाही असं नाही, पण शक्यता बरीच कमी.

ॲपवरचं ढगाचं चित्र

निघण्याच्या आधी फोनवर सातही दिवस विजेचा ढग दिसतो आणि घरात शोककळा पसरते. त्या चित्राचा अर्थ इतकाच, की त्या दिवशी कधीतरी, त्या भागात पाऊस पडण्याची शक्यता आहे. किती वेळ आणि किती, हे त्यात नसतं. मोठ्या, डोंगराळ बेटांवर पावसाचा एक ठरलेला क्रम असतो: सकाळी आभाळ मोकळं, दुपारी जमीन तापून ढग चढतात, संध्याकाळी तासभर कोसळतात, मग पुन्हा उघडीप. मालदीवसारख्या सपाट, चिमुकल्या बेटांवर हा क्रम लागू होत नाही. तिथे जाणारा ढग बरसून जातो, वेळ कोणतीही असो.

बघायचं ते वेगळं. वाऱ्याचा वेग, लाटांची उंची आणि कमी दाबाचा पट्टा तयार होतोय का, या तीन गोष्टी. विंडीसारख्या ॲपवर पहिल्या दोन सहज दिसतात. वादळांसाठी मात्र त्या त्या भागाच्या अधिकृत खात्याकडेच जा: अंदमान-लक्षद्वीपसाठी भारतीय हवामान विभाग, फिलिपिन्ससाठी पगासा, कॅरिबियनसाठी अमेरिकेचं नॅशनल हरिकेन सेंटर. चार-पाच दिवसांपुढच्या अंदाजावर बुकिंग रद्द करू नका आणि तेवढ्याच भरवशावर निर्धास्तही होऊ नका.

शेवटचा दिवस लांबच्या बेटावर

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांचा आराखडा असा असतो: विमानतळाच्या बेटावर उतरायचं, तिथे एक रात्र, मग फेरीबोटीने सुंदर छोट्या बेटावर, आणि शेवटच्या सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचं विमान पकडायचं. कोरड्या दिवसांत हे जमून जातं. आत्ताच्या दिवसांत सगळा डोलारा त्या एका बोटीवर उभा असतो. डिसेंबर 2016 मध्ये अंदमानात हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक असेच अडकले. कमी दाबाच्या पट्ट्यामुळे फेऱ्या थांबल्या आणि शेवटी नौदल व तटरक्षक दलाने लोकांना बाहेर काढलं. त्याच प्रणालीचं पुढे वरदा चक्रीवादळ झालं.

उपाय साधा आहे, फक्त क्रम उलटा करा. उतरल्यावर लगेच लांबच्या बेटाकडे निघा आणि परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र, शक्य असेल तर दोन, विमानतळाच्या बेटावर काढा. बोट एक दिवस उशिरा सुटली तरी एका मुक्कामाची काटछाट होते, विमान चुकत नाही. छोट्या बेटांची संख्याही कमी ठेवा. तीन बेटं म्हणजे चार बोटी, आणि प्रत्येक बोट हा एक नवा धोका.

यातच एक गाठ आहे, ती फार थोड्या लोकांच्या लक्षात येते. स्कूबा डायव्हिंग केल्यावर लगेच विमानात बसता येत नाही. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तासांचं अंतर ठेवायला सांगतात. पहिल्या दिवशी समुद्र खवळला म्हणून डाइव्ह पुढे ढकलली, दुसऱ्याही दिवशी ढकलली, की ती सरकत सरकत नेमकी विमानाच्या आदल्या संध्याकाळी येते. तेव्हा जे पाण्याशी संबंधित, ते सहलीच्या पहिल्या दिवसांत टाका. बाजार, संग्रहालय, मसाज, स्वयंपाकाचा वर्ग हे शेवटी.

बोटीची वेळ निवडताना सकाळची पहिली किंवा दुसरी घ्या. दिवस चढतो तसा वारा वाढतो आणि पाणी उसळू लागतं. सकाळची रद्द झालीच, तर दुपारच्या बोटीची आशा तरी उरते. स्पीडबोटीत पुढच्या भागाला सगळ्यात जास्त दणके बसतात, म्हणून मागच्या बाजूला बसा. पाठीचं दुखणं असेल किंवा सोबत गरोदर बाई असेल, तर स्पीडबोट टाळून मोठी फेरीबोटच घ्या. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही.

जेट्टीसुद्धा बदलते, हे माहीत असू द्या. फिलिपिन्समधल्या बोराकायला नैर्ऋत्य वाऱ्याच्या दिवसांत लाटा पश्चिमेच्या प्रसिद्ध किनाऱ्यावर आदळतात, तेव्हा समुद्र खवळला की बोटी नेहमीचा धक्का सोडून दुसऱ्या धक्क्यावरून सुटतात. रिक्षावाल्याला नेहमीच्या धक्क्याचं नाव सांगून तिथे पोचाल आणि रिकामी जेट्टी बघाल. आदल्या रात्री हॉटेलला एकच प्रश्न विचारा: ‘उद्या बोट कुठून सुटतेय?’

आणि बोटवाला ‘काही होत नाही, चला’ म्हणाला, हे सुरक्षिततेचं प्रमाणपत्र नव्हे. जुलै 2018 मध्ये फुकेतजवळ हवामानाचा इशारा असताना पर्यटकांची बोट समुद्रात गेली आणि बुडाली. 47 जणांचा जीव गेला. बंदरावर इशारा लागला असेल, लाइफ जॅकेट पुरेशी नसतील किंवा बोट जास्त भरली असेल, तर पैसे बुडाले तरी चालतील, चढू नका.

सगळं उघडं असेल असं गृहीत धरणं

हंगामाबाहेर बेटं डागडुजी करतात. हॉटेलचा तरणतलाव रिकामा असतो, अर्धी उपाहारगृहं बंद, डायव्हिंगवाले सुट्टीवर. काही ठिकाणं तर कायद्यानेच बंद असतात: थायलंडची सिमिलन बेटं दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तर फी फीजवळची माया बे ही खाडी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. बुकिंगआधी तारखा कळवून विचारा की काय काय चालू असेल, आणि उत्तर लेखी घ्या.

विम्याबद्दल एकच, पण महत्त्वाचं. वादळाला नाव मिळाल्यावर घेतलेला प्रवास विमा त्या वादळामुळे झालेलं नुकसान बहुधा भरून देत नाही, कारण ती आधीच माहीत असलेली घटना ठरते. विमा तिकिटाबरोबरच काढा आणि बोट रद्द झाल्यामुळे विमान चुकलं तर काय, हे कलम शोधून वाचा.

ऊन पडलं म्हणून पाण्यात

दूर समुद्रात उठलेल्या वादळाच्या लाटा दिवसभराने किनाऱ्याला लागतात, तेव्हा तुमच्या डोक्यावर आभाळ निळं असू शकतं. लाल झेंडा लागला असेल तर गुडघाभर पाण्यातही जाऊ नका. लाटांच्या मधोमध एखादा पट्टा अचानक शांत, गढूळ आणि बिनफेसाचा दिसला, तर तिथेच आत ओढणारा प्रवाह असण्याची शक्यता जास्त. लोक नेमके तिथेच उतरतात. ओढले गेलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, किनाऱ्याला समांतर पोहा, ओढ सुटली की मग तिरपे बाहेर या. दमला असाल तर तरंगत राहा आणि हात वर करून मदत मागा.

जोरदार पावसानंतर नदीच्या किंवा ओढ्याच्या मुखाजवळ दोन दिवस पोहू नका. तिथे बेटाचं सगळं सांडपाणी उतरलेलं असतं, शिवाय पाणी गढूळ असल्याने स्नॉर्केलिंगला काही दिसतही नाही. नदीपासून लांबच्या प्रवाळ बेटांवर पाणी लवकर निवळतं. मालदीवच्या हनीफारू खाडीत तर याच दिवसांत प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, मागे मांटा रे हे मोठे मासे गोळा होतात. धबधब्यांखाली मात्र सावध. वर डोंगरात पाऊस झाला की खाली कोरडं असतानाही लोंढा येतो. पाणी अचानक गढूळ झालं किंवा पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, की सामान सोडून आधी वर चढा.

सामानाचं थोडक्यात

छत्री वाऱ्यात टिकत नाही, पातळ रेनकोट आणि पाणी आत न शिरणारी एक ड्राय बॅग पुरते. जीन्स नकोच, वाळत नाही. एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, तो अर्धा तास बंद बॅगेतच बाहेर ठेवा, मग उघडा. वीज आणि नेटवर्क गेलं की कार्ड चालत नाही, म्हणून दोन दिवसांची रोकड आणि भरलेली पॉवर बँक जवळ हवी. ढग आहेत म्हणून सनस्क्रीन विसरू नका, पातळ ढगांतून अतिनील किरणं बरीचशी पार होतात. आधी सनस्क्रीन, त्यावर डास पळवणारं मलम.

हे मलम दिवसाही लावायचं, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, आणि पाऊस थांबून पाणी साचल्याच्या या दिवसांत त्याचा सुकाळ असतो. डासाने चावल्यानंतर लक्षणं दिसायला साधारण 4 ते 10 दिवस लागतात, म्हणजे ताप अनेकदा घरी परतल्यावर येतो. तसं झालं तर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापासाठी पॅरासिटामॉल घ्या, आणि कोणत्या बेटावरून किती दिवसांपूर्वी आलात हे डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आधीच सांगा.