एमजीबीचे जुळे एसयू कार्बोरेटर असे जुळवा
एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे दोन्ही एसयू कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारे भाग) नीट जुळले, की तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगापासून मिळणारा सलग जोर अनुभवावा असाच असतो. पण आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट), स्पार्क प्लग आणि इग्निशन टायमिंग (ठिणगीची वेळ) तपासा. तिथे चूक असेल, तर पुढची मेहनत वाया जाते.

कार्बोरेटरच्या डॅशपॉटमध्ये (वरच्या घुमटात) एसएई २० ऑइल घाला. डॅम्पर (टोपीला जोडलेली दांडी) बसवताना टोपी सुमारे ६ मिमी वर असतानाच अडल्यासारखं वाटलं, तर पातळी बरोबर. ऑइल कमी असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबताच कार्बोरेटरमधला पिस्टन झटकन वर जातो, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी) आणि गाडी अडखळते. बरेच जण इथे उगाच गाडीतल्या इंधन पंपावर संशय घेतात.

इंजिन पूर्ण गरम करा. एअर फिल्टर काढा, दोन्ही थ्रॉटल जोडणारे क्लॅम्प सैल करा. रबरी नळी कानाशी धरून दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडांचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत आयडल स्क्रू फिरवा.

आता कार्बोरेटरचा एकेक पिस्टन जेमतेम १ मिमी उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर मिश्रण दाट. इंजिन बंद पडू लागलं, तर पातळ. वेग क्षणभर किंचित वाढून स्थिरावला, की जमलं. कार्बोरेटरच्या तळाशी असलेला जेटचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीचा) नट वर नेला की मिश्रण पातळ, खाली आणला की दाट. एका वेळी या षट्कोनी नटाची एकच बाजू फिरवा. शेवटी क्लॅम्प घट्ट करा.