इंग्रजी सर्वनामं कशी वापरावीत: मराठीतून विचार करणाऱ्यांसाठी

मराठी 'मी' आणि इंग्रजी 'मी' यांचा उच्चार एकच, पण दोघांची कामं वेगळी. आपला 'मी' म्हणजे इंग्रजीतला 'आय', आणि इंग्रजीतला 'मी' म्हणजे बहुतेक वेळा आपला 'मला'. तिकडचा 'ही' पुरुष आहे, आपली 'ही' बाई आहे. इंग्रजी बोलायला लागलेल्या मराठी माणसाची अडचण इथूनच सुरू होते.

दिवसभर काम करून संध्याकाळी इंग्रजी शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना मी शिकवते. 'आय-मी-माय-माइन'चा तक्ता जवळजवळ सगळ्यांना पाठ असतो, तरी बोलताना चुका होतातच. तक्त्यातून रूपं कळतात, पण कोणतं रूप कुठे बसवायचं हे कळत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी मी सांगते: मराठी शब्द बघून सर्वनाम ठरवू नका, इंग्रजी वाक्यातली जागा बघा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पायरी १: जागा ओळखा

इंग्रजी वाक्यात सर्वनामाच्या मुख्य जागा चार. क्रियापदाच्या आधी 'आय, ही, शी, वी, दे' येतात. क्रियापदानंतर किंवा 'टु, फॉर, विथ, फ्रॉम' अशा शब्दांनंतर 'मी, हिम, हर, अस, देम'. वस्तूच्या नावाआधी 'माय, हिज, हर, अवर, देअर'. आणि नाव न घेता मालकी सांगायची तर 'माइन, हिज, हर्स, अवर्स, देअर्स'. 'यू' आणि 'इट' पहिल्या दोन्ही जागांवर तसेच राहतात.

खरा सापळा 'मला' या शब्दात आहे. मराठीत भूक, ताप, शंका, आवड, माहिती हे सगळं माणसाकडे येतं, म्हणून आपण 'मला' म्हणतो. इंग्रजीत ज्याला ते होतं तो माणूस क्रियापदाच्या आधी उभा राहतो. 'मला भूक लागली' म्हणजे 'आय अ‍ॅम हंग्री'. 'मला वाटतं' म्हणजे 'आय थिंक'. 'मला माहीत आहे' म्हणजे 'आय नो'. 'मला पुण्याला जायचंय' म्हणजे 'आय हॅव टु गो टु पुणे'. 'तिला मराठी येतं' म्हणजे 'शी नोज मराठी'. पण 'त्याने मला बोलावलं' या वाक्यात बोलावणारा तो आहे आणि मी पलीकडच्या बाजूला आहे, म्हणून 'ही कॉल्ड मी'. 'मला' आला की थांबा आणि विचारा: इथे कुणी माझ्यावर काही करतंय, की मलाच काही वाटतंय, हवंय, होतंय? दुसरं उत्तर आलं तर बहुतेक वेळा 'आय'.

याच्या उलट उदाहरण दारावर सापडतं. 'कोण आहे?' 'मी आहे.' याचं आजचं बोलीतलं उत्तर 'इट्स मी'. जुन्या व्याकरणांत 'इट इज आय' दिलेलं असतं आणि परीक्षेत तेच अपेक्षित असू शकतं, पण दारावर कुणी तसं म्हणत नाही.

पायरी २: जोडी आली की एकाला बाजूला करा

'मी अँड माय ब्रदर वेंट टु कोल्हापूर' हे बरोबर की चूक? भावाला क्षणभर बाजूला ठेवा. उरतं 'मी वेंट'. हे चालत नाही, म्हणून 'माय ब्रदर अँड आय वेंट'. आता दुसरं वाक्य: 'दे इन्व्हायटेड माय वाइफ अँड आय'. बायकोला बाजूला ठेवलं की 'दे इन्व्हायटेड आय' उरतं, तेही चालत नाही. तिथे 'माय वाइफ अँड मी' हवं.

ही दुसरी चूक चांगलं शिकलेली माणसंही करतात. लहानपणी 'मी अँड माय फ्रेंड' म्हटल्यावर ओरडा बसलेला असतो, त्यामुळे 'आय' म्हणजे सभ्य आणि 'मी' म्हणजे गावंढळ अशी समजूत होऊन बसते. 'आपल्या दोघांत राहू दे' हे 'बिट्वीन यू अँड मी' असंच म्हणायचं.

क्रम हा शिष्टाचाराचा भाग आहे. मराठीत 'मी आणि ताई' सहज येतं, इंग्रजीत स्वतःला शेवटी ठेवतात. स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत हा नियम '२-३-१' असा पाठ करून घेतात: आधी 'यू', मग 'ही', मग 'आय'. चूक कबूल करायची असेल तर उलट, '१-२-३', म्हणजे स्वतःचं नाव आधी.

पायरी ३: गाळू नका

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या सर्वांत उशिरा सुटतात. मराठी क्रियापद स्वतःच सगळं सांगतं. 'येते' म्हटलं की बोलणारी बाई आहे हे कळतं, 'आलास?' म्हटलं की समोर एकच जवळचा पुरुष किंवा मुलगा आहे हे कळतं. सर्वनाम गाळलं तरी काही हरवत नाही. इंग्रजीत 'केम' एवढंच म्हटलं तर कोण आलं ते कळायला काहीच आधार नाही.

कर्ता गाळू नये हे लवकर लक्षात येतं. कर्म गाळू नये हे मात्र राहून जातं. 'फाइल आणलीस का?' 'हो, आणली.' इथे 'आणली'मधल्या 'ली'ने फाइलकडे बोट दाखवलेलं आहे. इंग्रजीत तसं बोट नाही, म्हणून 'येस, आय ब्रॉट' हे अर्धंच वाक्य राहतं. 'येस, आय ब्रॉट इट' असं हवं. तसंच 'आय सेंट इट यस्टरडे', 'प्लीज पुट देम हिअर', 'आय डोन्ट वॉन्ट इट'. ज्या वाक्यात काही दिलं, घेतलं, पाठवलं, ठेवलं, तिथे 'काय?' विचारा आणि उत्तराचं सर्वनाम वाक्यात आहे का ते पाहा.

आणखी एक 'इट' असा आहे की तो कशाकडेच बोट दाखवत नाही. पाऊस पडतोय: 'इट इज रेनिंग'. उशीर झाला: 'इट इज लेट'. पाच वाजले: 'इट इज फाइव्ह ओ'क्लॉक'. इथून स्टेशन लांब आहे: 'इट इज फार टु द स्टेशन'. इंग्रजी वाक्यात कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, म्हणून तिच्यावर 'इट'ला बसवतात.

पायरी ४: दोनदा सांगू नका

मराठीत 'जो' आला की 'तो' येणारच. 'जो कष्ट करतो तो पुढे जातो' या वाक्यातला 'तो' काढला तर कानाला खटकतं. तीच सवय इंग्रजीत नेली की 'हू वर्क्स हार्ड ही सक्सीड्स' तयार होतं. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि 'हू' त्याला चिकटून: 'द पर्सन हू वर्क्स हार्ड सक्सीड्स'. पुढचा 'ही' गळतो. 'काल जे पुस्तक घेतलं ते हरवलं' म्हणजे 'द बुक दॅट आय बॉट यस्टरडे इज लॉस्ट'. 'आय बॉट इट' असं मध्ये घालायचं नाही, कारण 'दॅट'ने ती जागा घेतली आहे.

बोलण्याच्या ओघात 'माझा भाऊ ना, तो मुंबईला असतो' म्हणतो आपण. लिहिताना 'माय ब्रदर ही लिव्ह्ज इन मुंबई' होऊ देऊ नका. भाऊ किंवा 'ही', एकच.

पायरी ५: लिंग आणि मान

शाळेत शिकलेलं आठवा: मराठीत मूळ सर्वनामं ९, त्यांपैकी लिंगानुसार बदलणारी तीनच, तो, हा आणि जो. पण त्या तिघांची व्याप्ती मोठी आहे. डबा तो, खुर्ची ती, टेबल ते. इंग्रजीत या तिन्ही वस्तू 'इट'. 'ही' आणि 'शी' माणसांसाठी, आणि घरच्या कुत्र्या-मांजरांसाठीही, कारण ती घरचीच असतात.

मानाचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आपण बाबांना 'ते' म्हणतो, सरांना 'ते' म्हणतो. त्यामुळे 'माय फादर इज अ टीचर, दे लिव्ह इन सातारा' असं सहज निघून जातं, आणि ऐकणारा विचारतो, आणखी कोण राहतं? वडील असोत, सर असोत, देशाचे राष्ट्रपती असोत, एक पुरुष 'ही' आणि एक स्त्री 'शी'. माझ्या एका विद्यार्थिनीला आपल्या सासऱ्यांना 'ही' म्हणताना कितीतरी दिवस संकोच वाटायचा. 'अरे-तुरे केल्यासारखं वाटतं' म्हणायची. तिचा संकोच खरा होता, पण इंग्रजी 'ही'मध्ये अरे-तुरे नाही. तिकडे मान 'सर', 'मिस्टर', 'कुड यू प्लीज' अशा शब्दांतून आणि आवाजातून दाखवतात.

'यू'ची गोष्ट यापेक्षा गोड आहे. इंग्रजीत पूर्वी 'तू'साठी 'दाऊ' हा वेगळा शब्द होता. 'यू' अनेकांसाठी होता, मग एका मोठ्या माणसासाठीही वापरू लागले, आपल्या 'तुम्ही'सारखाच. सतराव्या शतकात 'दाऊ' रोजच्या प्रमाण बोलीतून मागे पडला आणि सगळेच 'तुम्ही' झाले. म्हणून समोर एकटं लहान मूल असलं तरी 'यू आर'. 'यू इज' कधीच नाही.

'आम्ही' आणि 'आपण' हा फरक मात्र इंग्रजीत उरत नाही, दोन्ही 'वी'. 'वी आर गोइंग फॉर लंच' ऐकून समोरच्याला आपणही त्यात आहोत का ते कळत नाही. त्याला घ्यायचं असेल तर 'लेट अस गो' किंवा 'यू अँड आय' असं स्पष्ट म्हणा.

पायरी ६: 'स्वतः' आणि 'आपला'

'मायसेल्फ रमेश' ही ओळख आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती चूक वाटतच नाही. 'आय अ‍ॅम रमेश' किंवा 'माय नेम इज रमेश' म्हणा. 'मायसेल्फ' दोनच ठिकाणी लागतो. कर्ता आणि कर्म एकच माणूस असेल तेव्हा: 'आय कट मायसेल्फ'. आणि जोर द्यायला: 'आय सॉ इट मायसेल्फ', मी स्वतः पाहिलं. सहलीहून आल्यावर 'वी एन्जॉइड अ लॉट' न म्हणता 'वी एन्जॉइड अवरसेल्व्ज' किंवा 'वी एन्जॉइड द ट्रिप' म्हणा, कारण 'एन्जॉय'ला कर्म लागतंच.

'आपला' हा मराठीचा फार उपयोगी शब्द आहे. 'सुनीलने अनिलला आपल्या गाडीतून सोडलं' आणि 'त्याच्या गाडीतून सोडलं' यात गाडी कुणाची ते लगेच कळतं. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज कार', आणि वाचणारा अडकतो. अशा वेळी 'हिज ओन कार' किंवा 'अनिल्स कार' लिहा. दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया एकाच वाक्यात आल्या की नाव पुन्हा लिहायला लाजू नका.

पायरी ७: वरची छोटी खूण

ही खूण म्हणजे अपॉस्ट्रॉफी ('). 'हर्स, अवर्स, देअर्स' अशा मालकीच्या सर्वनामांना ती लागत नाही; 'वन्स' (one's) हा अपवाद. 'इट्स'मध्ये टी आणि एसच्या मध्ये खूण असेल तर तो 'इट इज' किंवा 'इट हॅज' असतो. 'त्याचा, त्याची' या अर्थी खूण नाही. शंका आली तर 'इट इज' मोठ्याने वाचून पाहा. बसलं तर खूण द्या. 'यू आर' आणि 'हू इज' यांनाही हीच कसोटी. सतराव्या-अठराव्या शतकात 'त्याचे' या अर्थीही इंग्रज ती खूण देत असत, म्हणजे हा गोंधळ फक्त आपला नाही.

पायरी ८: 'एव्हरीवन'

'एव्हरीवन', 'समवन', 'इच' यांचं क्रियापद एकवचनी: 'एव्हरीवन इज हिअर'. पण मालकी सांगताना आज 'एव्हरीवन हॅज ब्रॉट देअर टिफिन' हे सर्रास चालतं. हा एकवचनी 'दे' नवा नाही, त्याचा लिखित दाखला १३७५ च्या सुमाराचा आहे. मेरियम-वेबस्टर या अमेरिकी शब्दकोशाने २०१९ मध्ये 'दे' हा वर्षाचा शब्द ठरवला. परीक्षेला बसणार असाल तर मात्र जुनं 'हिज' किंवा 'हिज ऑर हर' आणि 'वन मस्ट डू वन्स ड्यूटी' हे तयार ठेवा. 'टॉलर दॅन आय' की 'दॅन मी' यावर वाद आहेच, त्यातून सुटायला 'दॅन आय अ‍ॅम' लिहावं.

पायरी ९: आता स्वतः करून बघा

हा मजकूर इंग्रजीत सांगा: आई दवाखान्यात गेली. तिला बरं वाटत नव्हतं. मी आणि ताईने तिला नेलं. डॉक्टरांनी तपासलं. ते म्हणाले, काळजीचं काही नाही. रिपोर्ट मागितला, पण घरीच विसरलो होतो.

आधी स्वतः लिहा, मग ताडून पाहा: 'आई वेंट टु द क्लिनिक. शी वॉज नॉट फीलिंग वेल. ताई अँड आय टुक हर देअर. द डॉक्टर एक्झॅमिन्ड हर. ही सेड इट वॉज नथिंग सीरियस. ही आस्क्ड फॉर द रिपोर्ट, बट वी हॅड लेफ्ट इट अ‍ॅट होम.' शेवटच्या वाक्यातले 'ही', 'वी' आणि 'इट' हे तिन्ही मराठीत कुठेच लिहिलेले नाहीत. त्यांतला एकही तुमच्याकडून राहिला असेल तर तिसरी पायरी पुन्हा वाचा.